पुढच्या पार्टीची तारीख

प्रश्न असा आहे: घरी मैत्रिणी जमवून डबे-भांडी विकायची पद्धत टपरवेअरनेच काढली का, ती एवढी का चालली, आणि आता का आटत चालली?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. नाही. टपरवेअरचा पहिला डबा येण्याआधी अमेरिकेत अशा पार्ट्या होत होत्या, आणि टपरवेअर पार्टीचं बरंचसं तंत्र दुसऱ्यांकडून आलेलं होतं. बाकीच्या दोन भागांसाठी जरा लांबून यावं लागेल. थेट विक्रीत मी बरीच वर्षं काढली, त्यातली नंतरची नव्या विक्रेत्यांना डेमो शिकवण्यात गेली. त्यामुळे हा इतिहास वाचताना माझी नजर एकाच गोष्टीवर जाते, ती आधीच सांगून टाकते. पार्टीत विकले जातात डबे, पण धंदा जगतो तो पुढच्या पार्टीची तारीख मिळते म्हणून. दणकून विक्री झाली आणि एकही नवी पार्टी ठरली नाही, तर विक्रेतीच्या दृष्टीने ती संध्याकाळ वाया गेली.

सुरुवात दारोदार विक्रीपासून. डेव्हिड मॅकॉनेल हा घरोघर पुस्तकं विकणारा माणूस. गिऱ्हाइकाने दार लावून घेऊ नये म्हणून तो अत्तराची छोटी कुपी भेट द्यायचा. बायकांना पुस्तकांपेक्षा अत्तरातच जास्त रस आहे हे ध्यानात आल्यावर त्याने १८८६ मध्ये न्यूयॉर्कात कॅलिफोर्निया परफ्यूम कंपनी काढली. तीच पुढे एव्हॉन ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी झाली. तिची पहिली एजंट न्यू हॅम्पशायरची मिसेस अल्बी. तिने माल विकलाच, शिवाय माल विकणाऱ्या इतर बायकाही जमवल्या. १९०६ मध्ये आल्फ्रेड फुलरने ब्रश विकायला सुरुवात केली. फुलरचे विक्रेते पुरुष असत आणि दारात उभं राहताच एक लहानसा ब्रश फुकट देत. हातात काहीतरी पडलं की माणूस दोन मिनिटं ऐकून घेतो. ही युक्ती आजही शिकवली जाते, मीही शिकवली आहे.

दारोदार विक्रीची अडचण उघड आहे. एका वेळी एकच गिऱ्हाईक, निम्मी दारं उघडतच नाहीत, आणि लोक वैतागतात ते वेगळंच. वायोमिंगमधलं ग्रीन रिव्हर हे रेल्वेचं गाव. रात्रपाळी करून आलेली माणसं दिवसा झोपायची आणि विक्रेते दार ठोठवायचे. १९३१ मध्ये त्या गावाने नियम केला की घरमालकाने बोलावल्याशिवाय विक्रेत्याने घरी जायचं नाही. फुलर कंपनी कोर्टात गेली आणि १९३३ मध्ये हरली. तसेच नियम मग इतर गावांनीही केले. लुइझियानातल्या अलेक्झांड्रियाचा असाच नियम १९५१ मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. या सगळ्यात कळीचा मुद्दा ‘न बोलावता’ हा आहे. घरच्या बाईनेच विक्रेत्याला बोलावलं, तर हा नियम त्याला लागूच होत नाही. घरगुती पार्टी केवळ या नियमांमुळे जन्मली असं मी म्हणणार नाही, पण तिला अनुकूल वारा मिळाला तो इथून.

दरम्यान ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या विक्रेत्यांनी वेगळी वाट काढली होती. ही भांडी महाग, आणि त्यांच्यात शिजवण्याची रीतही लोकांच्या सवयीपेक्षा निराळी. म्हणून १९२० च्या दशकात विक्रेता एखाद्या घरी जाऊन, शेजारपाजारच्या जोडप्यांना बोलावून, आपल्याच भांड्यांत अख्खं जेवण रांधायचा. जेवणं झाली की ऑर्डरवही बाहेर निघायची. घरमालकिणीला तिच्या त्रासाबद्दल एखादं भांडं मिळायचं. पुढच्या पद्धतीचा साचा यात जवळजवळ पूर्ण आहे: एक घर, यजमानीण, तिची माणसं, वस्तूचा प्रत्यक्ष वापर आणि शेवटी भेट.

या साच्याचा पक्का धंदा केला स्टॅनले होम प्रॉडक्ट्सने. फ्रँक स्टॅनले बेव्हरिज हा फुलर कंपनीतला विक्री अधिकारी. १९३१ मध्ये, ऐन मंदीत, त्याने कॅथरीन ओब्रायन यांच्या साथीने मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्डला ही कंपनी उभी केली. माल साधाच: झाडू, पोछे, ब्रश, पॉलिश. सुरुवातीला विक्री दारोदार होती, पण काही विक्रेत्यांच्या लक्षात आलं की एकेकीपुढे दहादा डेमो देण्यापेक्षा दहाजणींपुढे एकदा दिलेला बरा. दहाजणी जमल्या की आणखी एक फायदा होतो. एकीने ऑर्डर दिली की दुसरीला धीर येतो. १९३० च्या दशकात स्टॅनलेने यजमानीण-पार्टी हीच आपली मुख्य रीत केली. पुढच्या कितीतरी कंपन्यांची माणसं स्टॅनलेमध्ये शिकून बाहेर पडली, म्हणून मी स्टॅनलेला या धंद्याची शाळा म्हणते. लोकांना टपरवेअर आठवतं आणि स्टॅनले आठवत नाही, याचं कारण इतकंच की पोछ्याची गोष्ट कोणी प्रेमाने सांगत नाही.

आता डबा. पॉलिथिलीनचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या केबलवर विद्युतरोधक आवरण म्हणून गेलं. युद्ध संपल्यावर या मालाचं करायचं काय असा प्रश्न होता. अर्ल टपर हा न्यू हॅम्पशायरचा धडपड्या माणूस. झाडं छाटण्याचा त्याचा धंदा १९३६ मध्ये बुडाला, मग तो ड्यूपाँट या रसायन कंपनीत काही काळ काम करून प्लास्टिक शिकला आणि १९३८ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. पॉलिथिलीनचा काळपट, वास मारणारा टाकाऊ भाग साफ करून त्यापासून लवचीक, अर्धपारदर्शक भांडी ओतायची पद्धत त्याने बसवली. झाकणाची कल्पना त्याने रंगाच्या डब्यावरून घेतली. तिथे झाकण डब्याच्या आत बसतं, टपरने ते उलटं करून काठावर बाहेरून बसवलं. या झाकणाचं पेटंट त्याला १९४९ मध्ये मिळालं.

वस्तू उत्तम होती आणि दुकानात पडून राहिली. तेव्हाच्या लोकांना ठाऊक असलेलं प्लास्टिक ठिसूळ, तेलकट आणि वासाचं, त्यामुळे नवा डबा हातात घेऊन पाहायलाही कोणी तयार नव्हतं. ज्यांनी घेतला त्यांना झाकण लावता येईना. ते नुसतं दाबून बसत नाही. मधोमध अंगठ्याने दाबायचं, कड एका बाजूला किंचित उचलायची, आतली हवा ‘फुस्स’ करून जाऊ द्यायची आणि कड सोडायची. मग आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवाच झाकण दाबून धरते. अमेरिकी विक्रेत्या त्या आवाजाला डब्याचा ढेकर म्हणायच्या. कागदावर वाचताना हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्यांदा कोणालाच जमत नाही. काउंटरवरच्या सेल्समनला दर गिऱ्हाइकामागे तेवढा वेळ नसतो आणि डबा स्वतः बोलत नाही.

टपरला विक्रीच्या आकड्यांत एक गोष्ट विचित्र दिसली. स्टॅनलेचे काही विक्रेते त्याचे डबे घाऊक घेत होते आणि भराभर खपवत होते. मॅसॅच्युसेट्समध्ये थॉमस डॅमिगेला, डेट्रॉइटकडे ब्राउनी वाइज. ब्राउनी वाइज १९१३ मध्ये जॉर्जियात जन्मलेली, घटस्फोट झालेली, एका मुलाला एकटीने वाढवणारी बाई. दिवसा एका कंपनीत सेक्रेटरी आणि फावल्या वेळात स्टॅनलेची विक्री. टपरचे डबे हाती आल्यावर तिने ते पार्टीत घेतले आणि हाताखाली विक्रेत्यांची फौज उभी केली. १९५० मध्ये ती फ्लोरिडाला गेली. माल वेळेवर पोचत नाही म्हणून १९५१ च्या सुरुवातीला तिने थेट टपरला फोन करून खडसावलं, आणि त्यातून बोलणी सुरू झाली. त्याच वर्षी टपरवेअर होम पार्टीज ही शाखा निघाली, वाइज तिची उपाध्यक्ष झाली आणि डबे दुकानांतून काढून घेण्यात आले. डबा हवा असेल तर पार्टीलाच जायचं.

त्या पार्टीत नेमकं काय व्हायचं? आधी एखादा खेळ, कंबरेचं माप ओळखा असला काहीतरी पोरकट. बाहेरून बघणारे त्याला हसतात, पण त्याला कारण आहे. पहिली पंधरा मिनिटं पाहुण्या अवघडलेल्या असतात आणि अवघडलेली माणसं वस्तू हातात घेत नाहीत. मग डबे फिरायला लागायचे. वाइजचा गाजलेला प्रकार म्हणजे द्राक्षाच्या रसाने भरलेला बंद डबा खोलीतून पलीकडे फेकायचा. यजमानीणीच्या गालिच्याकडे सगळ्यांचे डोळे लागायचे आणि एक थेंबही सांडायचा नाही. दहा मिनिटांच्या भाषणाने झालं नसतं ते काम त्या एका फेकीने व्हायचं. नव्या विक्रेतीला मी नेहमी सांगते, झाकण तू लावून दाखव, पण एकदाच. नंतर डबा पाहुणीच्या हातात दे आणि गप्प बस. तिला पहिल्यांदा जमत नाही, शेजारची हसते, दुसऱ्यांदा जमतं. त्या दुसऱ्या वेळेनंतर ती डबा खाली ठेवत नाही.

पैशाचा हिशेब बघितला की ही पद्धत कंपन्यांना का आवडली ते कळतं. दुकानाचं भाडं नाही, कारण जागा यजमानीणीची. जाहिरातीचा खर्च फारसा नाही, कारण आमंत्रण तिचं. चहाफराळही तिचाच. विक्रेतीला पगार नाही, विक्रीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचं कमिशन. विक्रेतीच्या वर मॅनेजर, मॅनेजरच्या वर वितरक. वितरक कंपनीकडून माल घेऊन खाली पुरवायचा. यजमानीणीला भेट मिळायची आणि ती दोन गोष्टींवर ठरायची: तिच्या घरी एकूण विक्री किती झाली, आणि तिच्या पाहुण्यांपैकी कितीजणींनी आपल्या घरी पार्टी ठेवायचं कबूल केलं. दुसरी अट हेच या यंत्राचं इंजिन. यजमानीणच आपल्या मैत्रिणीला म्हणते, ‘अगं, तू पण ठेव ना.’ विक्रेतीने म्हटलं असतं तर पाहुणीने टाळलं असतं.

काळही जुळून आला होता. युद्धात कारखान्यांत काम केलेल्या बायकांना शांतता होताच घरी पाठवलं गेलं. १९४७ पासून लाँग आयलंडवरच्या लेव्हिटटाउनसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. एकसारखी घरं, नवे शेजारी, नवरा दिवसभर शहरात आणि घरात नवाकोरा फ्रिज. फ्रिजमध्ये उघडं अन्न सुकतं आणि वास धरतं, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्याची गरज खरीच होती. ओळखी वाढवायची गरज त्याहून जास्त होती. ज्या बाईला कोणी नोकरी देत नव्हतं तिला इथे अर्ज, पदवी, ठरावीक वेळ काहीच लागत नव्हतं. १९५४ पर्यंत टपरवेअरच्या जाळ्यात सुमारे २०,००० माणसं होती.

वाइजला विक्रीइतकंच कौतुकाचं गणित कळत होतं. फ्लोरिडातल्या किसिमीच्या मुख्यालयात ती दरवर्षी मेळावा भरवायची. १९५४ च्या मेळाव्यात तिने विक्रेत्यांच्या हातात फावडी दिली आणि जमिनीत पुरलेली बक्षिसं उकरून काढायला लावली. स्वतःचे वापरलेले कपडेही ती बक्षीस द्यायची, आणि बायका ते जपून ठेवायच्या. पॉलिथिलीनचा एक काळा गोळा तिने ‘पॉली’ नावाने जवळ बाळगला होता. त्यावर हात ठेवून मनातली इच्छा मागायची आणि मग कामाला लागायचं. आज हे भोंदू वाटेल. पण ज्या बाईचं घरकाम कधी कोणाच्या नजरेत भरलं नाही, तिचं नाव भर सभेत घेऊन टाळ्या वाजवणं ही त्या काळी कोणी देत नव्हतं अशी गोष्ट होती, आणि कमिशनपेक्षा या कौतुकावर जास्त बायका टिकल्या असं माझं मत आहे. १७ एप्रिल १९५४ च्या ‘बिझनेस वीक’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर वाइज झळकली. तिथे झळकलेली ती पहिली स्त्री.

शेवट वाईट झाला. श्रेय कोणाचं यावरून टपरशी बिनसत गेलं. १९५७ च्या मेळाव्यात एका बेटावरच्या कार्यक्रमात वादळ आलं, होड्या एकमेकींवर आदळल्या, माणसं जखमी झाली आणि खटले उभे राहिले. जानेवारी १९५८ मध्ये टपरने तिला काढून टाकलं. तिच्याकडे ना शेअर होते, ना करार. भांडून मिळाले ते सुमारे ३०,००० डॉलर, म्हणजे साधारण वर्षाचा पगार. त्याच वर्षी टपरने कंपनी रेक्सॉल या औषध कंपनीला १ कोटी ६० लाख डॉलरला विकली. हजारो बायकांना स्वतंत्र उद्योजक म्हणणाऱ्या व्यवस्थेतल्या सर्वांत यशस्वी बाईच्या नावावर त्या उद्योगाचा एक तुकडाही नव्हता. या धंद्यात यायचं म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी हे सांगते.

साचा मात्र पसरत गेला. स्टॅनलेतच शिकलेल्या मेरी के ॲशने १९६३ मध्ये डॅलसला ५,००० डॉलरवर सौंदर्यप्रसाधनांची कंपनी काढली. त्याआधी १९५७ मध्ये मेरी क्राउलीने घरसजावटीच्या वस्तूंसाठी होम इंटिरियर्स काढली होती. १९८० मध्ये शिकागोजवळ डोरिस क्रिस्टोफरने आयुर्विम्यावर ३,००० डॉलरचं कर्ज काढून पॅम्पर्ड शेफ सुरू केली. २००२ मध्ये वॉरन बफेच्या बर्कशायर हॅथवेने ती विकत घेतली. ओहायोची लाँगाबर्गर कंपनी हाताने विणलेल्या टोपल्या अशाच पार्ट्यांतून विकायची. तिने मुख्यालयाची इमारतही टोपलीच्या आकाराची बांधली, आणि २०१८ मध्ये कंपनीच बंद पडली.

भिडेची बाजू सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. जोनाथन फ्रेंझन आणि हॅरी डेव्हिस या संशोधकांनी १९९० मध्ये घरगुती पार्ट्यांतल्या खरेदीवर अभ्यास प्रसिद्ध केला. पाहुणी खरेदी करणार की नाही, यावर यजमानीणीशी असलेल्या नात्याचा मोठा प्रभाव पडतो, असं त्यांना दिसलं. धंद्यातल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. पाहुणी फुकटचा चहा पिऊन उठते तेव्हा तिला मैत्रिणीची भेट दिसत असते, आणि ती सगळ्यात स्वस्त डबा का होईना घेते. त्यात गैर काही नाही, मर्यादेपर्यंत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, १९७२ मध्ये घरातल्या विक्रीसाठी नियम केला, त्यात गिऱ्हाइकाला तीन कामकाजाच्या दिवसांत सौदा रद्द करता येतो. पण घरी झालेल्या २५ डॉलरच्या आतल्या खरेदीला तो लागू नाही, आणि भिडेखातर घेतलेला डबा सहसा त्याच्या आतलाच असतो.

साखळी मार्केटिंग म्हणजे हेच का, असंही लोक विचारतात. दोन्ही एकमेकांत मिसळतात, पण एक नाहीत. पार्टीत माल बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या घरी जातो. साखळी बिघडते तेव्हा माल विक्रेत्यांच्याच कपाटात साठत जातो, आणि कमाई येते ती नवी माणसं भरती केल्याची. अशा बिघडलेल्या साखळीला पिरॅमिड योजना म्हणतात. १९७९ च्या ॲमवे या साखळी कंपनीच्या निकालात याच कमिशनने ज्या नियमांच्या आधारे कंपनीला पिरॅमिड योजना ठरवलं नाही, त्यांत पडून राहिलेला माल परत घेणं, घेतलेल्यापैकी ७० टक्के माल खरोखर विकणं आणि दरमहा किमान दहा किरकोळ गिऱ्हाइकांना विक्री करणं हे होते. हिशेब तपासायचा तर विक्रेतीचं कपाट आधी उघडून बघावं.

आता पद्धत आटण्याचं कारण. बायका नोकरीला लागल्या, दिवसा घरी कोणी उरलं नाही, हे सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. पण तारखांचं गणितही बघा. एका पार्टीतल्या दहाजणी बहुधा एकमेकींच्या ओळखीच्या असतात. त्यांतल्या दोघींनी पुढे पार्टी ठेवली की तिथे निम्मे चेहरे तेच. तिसऱ्या फेरीला प्रत्येकीकडे डबे झालेले असतात, आणि हे डबे वर्षानुवर्षं टिकतात. नवा गोतावळा सापडला नाही की तारखा मिळणं थांबतं, आणि तारखा थांबल्या की विक्रेती दोन-तीन महिन्यांत सोडून देते. नव्या वसाहती वसत होत्या तोवर नवे गोतावळे आपोआप मिळत होते. शिवाय झाकणाचं नवल संपलं. पेटंटची मुदत तेव्हा १७ वर्षांची असे, म्हणजे १९४९ चं पेटंट १९६० च्या दशकातच सरलं. घट्ट झाकणाचे डबे सगळीकडे मिळू लागले आणि ते कसे लावायचे हे सगळ्यांना माहीत झालं. जे दाखवावं लागत नाही त्यासाठी पार्टी कशाला? टपरवेअर २०२२ मध्ये अमेरिकेत टार्गेट या साखळीच्या दुकानांत गेली, आणि १७ सप्टेंबर २०२४ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

ऑनलाइन पार्ट्या मीही घेतल्या आहेत. माणसं जमतात, ऑर्डरीही येतात, पण कॅमेऱ्यापुढे ‘मीही ठेवते’ म्हणणारी क्वचितच भेटते, कारण समोर बसून ‘अगं, ठेव ना’ म्हणणारं कोणी नसतं.

जिथे वस्तू अजून दाखवावी लागते तिथे पद्धत तग धरून आहे. जर्मनीच्या व्होर्वेर्कचं थर्मोमिक्स हे स्वयंपाकाचं यंत्र आजही घरी बोलावलेला विक्रेता चार माणसांपुढे जेवण करून दाखवतो आणि विकतो. यंत्र महाग आहे, काय काय करतं हे चित्रावरून पटत नाही, आणि बसून बघायला तासभर लागतो.